काळा पडदा: वाचकांचे प्रश्न

(या सदरात लिनक्सच्या आज्ञा आपण तोंडाने म्हणतो तशा छापतो. टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे; मोठं अक्षर लागत असेल तिथे तसं सांगते. हे सांगायचं कारण, मागच्या खेपेला एकांनी खरंच देवनागरीत ‘सुडो’ टाइप केलं, आणि मशीनने ‘कमांड नॉट फाउंड’ म्हटल्यावर रागाने मला पत्र लिहिलं.)

आमच्या दूध संस्थेच्या सर्व्हरवर बॅकअप रात्री दोनला लावलाय. तो रोज सकाळी साडेसातला सुरू होतो, ऐन संकलनाच्या गर्दीत. क्रॉन बिघडलाय का? – एक वाचक, वाळवा

क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम, ठणठणीत आहे, घड्याळ तेवढं परदेशी आहे. सर्व्हरवर नुसतं ‘डेट’ टाइप करून बघा, ओळीत ‘यूटीसी’, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दिसेल. भाड्याने घेतलेले सर्व्हर बहुधा असेच येतात. तिथले रात्रीचे दोन म्हणजे आपले साडेसात. ‘टाइमडेटसीटीएल’ने एशिया/कोलकाता लावता येतं (यातली ए आणि के ही अक्षरं मोठी; मग क्रॉन एकदा रीस्टार्ट करायचा), पण मी तसं करत नाही. जुन्या लॉगमधल्या वेळा यूटीसीत आणि नव्या आपल्या, मग सहा महिन्यांनी काही शोधायचं झालं की डोकं फिरतं. त्यापेक्षा क्रॉनटॅबमधली, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकातली, ओळच बदला: ३० २० * * *. आधी मिनिटं, मग तास. तिथले रात्रीचे साडेआठ, म्हणजे आपल्या रात्रीचे दोन.

आणि पुढेमागे बॅकअपच्या नावात तारीख घालायचा मोह झाला, तर क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याच्या चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ द्या. क्रॉनच्या लेखी टक्का म्हणजे ओळ संपली. तीच आज्ञा हाताने चालते आणि क्रॉनमधून चालत नाही, या तक्रारीमागे कित्येकदा हा टक्का असतो.

डिस्क ५० जीबीची. ३८ जीबीचा लॉग आरएमने उडवला. डीयू म्हणतो ११ जीबी वापरलेत, डीएफ म्हणतो १०० टक्के भरली. खोटं कोण बोलतंय? – एक वाचक, नाशिक

कोणीच नाही. तुम्ही सातबाऱ्यावरून नाव कमी केलंत, पण कूळ अजून जमिनीवर बसलंय.

युनिक्समध्ये फाईलचं नाव वेगळं आणि फाईल वेगळी. नाव फोल्डरमध्ये असतं आणि ते एका आयनोडकडे बोट दाखवतं. मजकूर डिस्कवर कुठे आहे, हे आयनोडला ठाऊक. आरएम फक्त नाव खोडतो. सगळी नावं खोडली गेली आणि एकाही प्रोसेसने ती फाईल उघडी धरलेली नसली, तरच जागा मोकळी होते. तुमच्या लॉगमध्ये लिहिणारा प्रोग्राम चालूच आहे आणि बिननावाच्या फाईलमध्ये लिहीतच बसलाय. डीयू नावांच्या मागे फिरून बेरीज करतो, त्याला ती दिसत नाही. डीएफ थेट फाईलसिस्टिमला विचारतो, म्हणून त्याला दिसते.

‘एलएसओएफ +एल१’ (अधिकनंतरचा एल मोठा) रूट, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून चालवा. उघडी पण बिननावाची प्रत्येक फाईल प्रोसेस क्रमांकासकट समोर येईल. तो प्रोग्राम रीस्टार्ट केला की जागा सुटली. दिवसाउजेडी रीस्टार्ट करता येत नसेल, तर /प्रोक/ मध्ये त्या क्रमांकाच्या फोल्डरात एफडी आहे, त्यात उघड्या फायली आकड्यांनी लावलेल्या असतात. तिथल्या नेमक्या आकड्यावर ‘: >’ ने रिकामं वळवा. फाईल उघडीच राहते, पोट रिकामं होतं. पुढच्या वेळी चालू लॉग उडवूच नका, असाच रिकामा करा.

एवढं लांबवलं, कारण यात मी स्वतः पोळलेय. नोकरीला नवी असताना एका पतसंस्थेच्या सर्व्हरची डिस्क रात्री साडेअकराला भरली. मी लॉग उडवला, डीएफ हललं नाही. आणखी एक उडवला, तरी शंभर टक्के. मग घाबरून जे जे मोठं दिसलं ते उडवत सुटले, त्यात दोन वर्षांचे मासिक अहवाल गेले. त्यांची दुसरी प्रत नव्हती. अखेर वैतागून मशीन बंद करून चालू केलं आणि डिस्क निम्मी रिकामी! पहिला लॉग उडवल्यावर तो एक प्रोग्राम रीस्टार्ट केला असता, तरी भागलं असतं. त्यानंतर कितीतरी दिवस शाखांमधून छापील अहवाल मागवून मी ते हाताने भरत होते.

एसएसएचची खासगी किल्ली चालेना म्हणून ७७७ केली, आता तर मुळीच घेत नाही. – एक विद्यार्थी, रत्नागिरी

७७७ म्हणजे कोणीही वाचा, कोणीही बदला. किल्ली ६०० करा, आणि ती ज्या फोल्डरात आहे ते ७००, म्हणजे दोन्ही फक्त तुमच्यापुरती. एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायचा प्रोग्राम, पण सर्व्हरचा यात दोष नाही. तुमच्याच मशीनवरचा एसएसएच ती किल्ली वापरायला नकार देतोय, कारण ती जगजाहीर झालीय. आधी का चालत नव्हती, ते ‘एसएसएच -व्ही’ लावलंत की कळेल. त्याचं उत्तर ७७७ कधीच नसतं.

कार्यालयातल्या जुन्या मॅकवरून टार करून याद्या लिनक्सवर आणल्या. आता एकाच फोल्डरात ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाच्या दोन फायली दिसतात. शोधलं तर एकच सापडते. शिवाय लांब नावं दिली की ‘फाईल नेम टू लाँग’ येतं. – एक वाचक, यवतमाळ

असं पत्र यावं म्हणून मी वर्षभर वाट बघतेय!

गुन्हेगार आहे आपला ऱ. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द संगणकात तीन तऱ्हांनी लिहिता येतो, आणि तिन्ही पडद्यावर सारख्याच दिसतात. पहिली, ऱ हे एकच अक्षर. दुसरी, साधा र आणि त्याला नुक्ता, म्हणजे खालचा टिंब. तिसरी, र, हलन्त आणि त्यानंतर, य च्या आधी, एक न दिसणारा जोडक. आपला डोळा फसतो. लिनक्स मात्र फक्त बाइट मोजतं, म्हणून त्याच्या लेखी ही वेगवेगळी नावं. जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क नावं साठवताना पहिल्या तऱ्हेचं दुसऱ्या तऱ्हेत रूपांतर करते. तुम्ही लिनक्सवर टाइप केलेली पहिल्या तऱ्हेची असणार. झाले जुळे.

खात्री करायची असेल, तर तो शब्द ‘प्रिंटएफ’ने ‘डब्ल्यूसी -सी’कडे पाठवा. पहिल्या तऱ्हेचा ३३ बाइट, उरलेल्या दोन ३६. या दोघींतला फरक ‘एक्सएक्सडी’ दाखवतो: नुक्ता ई० ए४ बीसी, जोडक ई२ ८० ८डी.

दुरुस्तीआधी दोन्ही फायली ‘सीएमपी’ने ताडून बघा. मजकूर वेगळा निघाला तर एकीचं नाव हातानेच बदला. मग नावं बदलणारा ‘कॉन्व्हएमव्ही’ घ्या, त्याला दोन्हीकडे यूटीएफ८ सांगा आणि --एनएफसी (म्हणजे पहिली तऱ्हा) जोडा. तो आधी नुसतं काय करेन तेवढं दाखवतो. --नोटेस्ट दिल्याशिवाय काही बदलत नाही, ही त्याची मला आवडणारी खोड. मात्र जोडकवाली तिसरी तऱ्हा त्यालाही सुधारता येत नाही, तिथे नाव हातानेच बदलायचं.

लांब नावांचं दुखणं याच बाइटचं. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाईलसिस्टिमवर नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळं धरून ८५ चिन्हं. ‘महाराष्ट्र’ एवढ्यातच ३० गेले. आणि देवनागरी आकडेही तीन-तीनच खातात, इंग्रजी एकेक. यादीच्या नावातलं साल इंग्रजी आकड्यांत लिहिलंत, तर तिथल्या तिथे आठ बाइट सुटतात.