‘वर्णविपथन’, ‘रंगीत किनार’ आणि ‘शार्प’ फोटो

प्रश्न असा आहे: उजळ आकाशापुढच्या फांद्यांना छायाचित्राच्या कोपऱ्यात एका बाजूने जांभळट आणि दुसऱ्या बाजूने हिरवट रेघ दिसते, तिला ‘वर्णविपथन’ म्हणावे की ‘रंगझालर’? आणि भिंगाच्या ‘शार्पनेस’ला ‘तीक्ष्णता’ म्हटलेले चालेल का?

‘वर्णविपथन’ हा शब्द नेमका आहे, परंतु तो रेघेचा नसून भिंगाच्या दोषाचा आहे. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाशकिरण किती वळवते याचे माप, प्रत्येक रंगाला थोडा निराळा असतो. भिंगांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्राउन काचेत तो तांबड्या प्रकाशासाठी सुमारे १.५१४, तर निळ्यासाठी १.५२२ असतो. एवढ्याशा फरकानेही निळे किरण भिंगाच्या जरा जवळ एकत्र येतात आणि तांबडे जरा दूर. याला अक्षीय वर्णविपथन म्हणता येईल. ते चित्रात कुठेही दिसू शकते आणि अ‍ॅपर्चर (भिंगातले प्रकाश आत सोडणारे छिद्र) लहान केले की कमी होते. दुसऱ्या प्रकारात वेगवेगळ्या रंगांच्या प्रतिमा लहानमोठ्या पडतात, त्यामुळे मध्यभागी काही जाणवत नाही आणि कडांकडे जावे तसा रंग सुटत जातो. त्यावर अ‍ॅपर्चर लहान करण्याचा उपाय चालत नाही. मात्र संगणकावर तांबड्या आणि निळ्या प्रतिमेचा आकार हिरव्याशी जुळवून घेतला की तो बहुतांशी निघून जातो. प्रश्नातल्या फांद्यांचे लक्षण या दुसऱ्या प्रकाराचे आहे. (हा दोष कॅमेऱ्याहून कितीतरी जुना आहे. लंडनच्या जॉन डॉलंड यांनी १७५८ मध्ये क्राउन आणि फ्लिंट या दोन काचांच्या जोडभिंगाचे पेटंट घेतले, ते दुर्बिणीतला हाच दोष कमी करण्यासाठी.)

रेघेला वेगळे नाव हवे, याचे कारण प्रत्येक रंगीत रेघ वर्णविपथनाचीच असते असे नाही. अतिशय प्रखर भागाच्या कडेला येणाऱ्या जांभळ्या छटेत सेन्सरचाही (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाचाही) वाटा असू शकतो. तेव्हा डोळ्यांना जे दिसते त्याचे नाव कारणाविषयी मौन पाळणारे असावे. ‘रंगझालर’ कानाला गोड लागते, पण झालर कडेपासून सुटी लोंबते. ही रेघ तर कडेलाच चिकटलेली असते. म्हणून मी ‘रंगीत किनार’ सुचवेन. सुखाला दुःखाची किनार जोडणाऱ्या मराठीला तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

‘तीक्ष्णता’ मात्र मला पटत नाही. मराठीत बुद्धी, नजर आणि शस्त्र तीक्ष्ण असते, चित्र नव्हे. ‘रेखीव’ अधिक जवळचा वाटतो, परंतु व्यक्तिचित्राबद्दल लिहिताना तो घात करतो: ‘चेहरा रेखीव आला आहे’ हे वाक्य भिंगाची स्तुती करते की नाकडोळ्यांची, ते कळत नाही. ‘सुस्पष्टता’ हा शब्द निर्धोक आहे. अधिक काटेकोर लिहायचे असेल, तर त्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्यात: अगदी जवळजवळचे बारीक तपशील सुटे दिसणे ही ‘विभेदनक्षमता’, आणि काळ्या-पांढऱ्याची सीमा एकदम बदललेली दिसणे हा ‘कडांचा उठाव’. संपादनात शार्पनिंगची पट्टी सरकवल्यावर दुसरी गोष्ट वाढते. भिंगाने न टिपलेला तपशील त्याने उमटत नाही. बोलताना मात्र ‘फोटो शार्प आलाय’ असेच सगळे म्हणतात, आणि त्यात बिघडत काहीच नाही.

परीक्षण लिहिणारे पुष्कळदा सुस्पष्टता आणि रंगीत किनार यांना निरनिराळे गुण देतात, त्यामुळे त्यांचा एकमेकांशी संबंध नाही असा समज होतो. प्रत्यक्षात तीन रंगांच्या प्रतिमा एकमेकींवर नीट बसल्या नाहीत, तर कड रंगते तशी पसरतेही. असे छायाचित्र नुसते कृष्णधवल केले, तर किनारीचा रंग जातो, पण कडेचा मऊपणा तसाच राहतो. अशा वेळी ‘कोपऱ्यात वर्णविपथनामुळे सुस्पष्टता घटली आहे’ असे लिहावे. ‘रंगीत किनारीमुळे’ असे लिहिल्यास परिणामालाच कारण ठरवल्यासारखे होते.