मुलाच्या अर्जातली उत्तरं मी लिहून देणार नाही

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलगा कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजला आहे, दुसरं सेमिस्टर चालू, पुढे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात मेकॅनिकलला ट्रान्सफर हवीये, कॅल्क्युलसला बी, फिजिक्सला सी, आणि अर्जातली उत्तरं मी लिहून द्यावीत अशी तुमची इच्छा आहे. नाही देणार, आणि तुम्हीही लिहू नका.

मार्कांनी मला एवढी काळजी नाही वाटली जेवढी पत्राने वाटली. सगळीकडे "आम्ही ठरवलंय". त्याच्या पासवर्डने तुम्ही त्याचं पोर्टल उघडता, त्याच्या नावाने प्रोफेसरांना मेल करता. अमेरिकेत मूल कॉलेजात गेलं की त्याच्या रेकॉर्डवरचा हक्क त्याचा होतो, 1974 पासून फर्पा नावाचा कायदाच आहे तसा, पण कायदा सोडा, उद्या प्रोफेसरांनी त्या मेलबद्दल काही विचारलं तर पोरगं काय बोलणार?

ट्रान्सफरच्या अर्जात एक प्रश्न सगळ्यांना कंपल्सरी असतो: निवडलेल्या मेजरसाठी, म्हणजे मुख्य विषयासाठी, तुम्ही काय तयारी केलीत? 350 शब्दांत. त्याचं उत्तर मी तुमच्या पत्रात शोधलं. त्याने काही बनवलं, खोललं, बिघडवलं, मशीनबद्दल कधी काही विचारलं, एक ओळ नाही. उलट तक्रार आहे की संध्याकाळी ट्युटरिंग सेंटरला बसून दुसऱ्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवतो, वेळ फुकट घालवतो. त्याच विषयात त्याला ए आहे, हे मात्र तुम्ही जाता जाता कंसात लिहिलंय! अहो, मुलगा तुम्हाला रोज संध्याकाळी सांगतोय की त्याला काय आवडतं, तुम्ही ऐकतच नाही आहात.

आता "60 युनिट्स (म्हणजे क्रेडिट्स) झाली की थेट थर्ड इयर" हा तुमचा गैरसमज. 60 सेमिस्टर युनिट्स म्हणजे फक्त ज्युनिअर, म्हणजे थर्ड इयरचा विद्यार्थी म्हणून अर्ज करायची पात्रता. इंजिनिअरिंगवाले युनिट्स मोजत बसत नाहीत, ठरलेले विषय झालेत का ते बघतात: कॅल्क्युलसची पूर्ण साखळी, लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स, आणि बऱ्याच ठिकाणी प्रोग्रामिंग. यातले बरेच विषय आधीचा विषय झाल्याशिवाय घेता येत नाहीत, त्यामुळे घाई करून उपयोग नसतो. आणि तुमच्या मुलाने घेतलंय ते फिजिक्स ट्रिगोनॉमेट्रीवालं आहे, सीचा ए झाला असता तरी मेकॅनिकलसाठी ते धरलं गेलं नसतं. कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या कॅम्पसला चालतो ते असिस्ट डॉट ऑर्गवर मेजरनुसार दिसतं, तिथे त्याला स्वतःला बघू दे.

टॅग, म्हणजे ट्रान्सफरची गॅरंटी, युनिव्हर्सिटीचे बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो हे कॅम्पस देत नाहीत, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

माझं स्पष्ट मत, मेकॅनिकलचा विषय घरात तूर्त बंद करा. मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जेब्रा स्टॅटिस्टिक्सच्या मेजरलाही लागतातच, म्हणजे पुढच्या सेमिस्टरला हे दोन घेतले तर दोन्ही रस्ते उघडे राहतात आणि कोणाचंच वर्ष वाया जात नाही. कॉलेजच्या ट्रान्सफर काउन्सेलरची अपॉइंटमेंट त्याने घ्यावी, एकट्याने जावं. तुम्ही तेवढा पासवर्ड आजच त्याला बदलायला सांगा.