'मी फसलो' म्हणायला शीक

प्रिय चिरंजीव,

परवा रात्री तू त्या फ्लॅटच्या बुकिंगबद्दल सव्वा तास बोललास. मी मोजलं नाही, काकूनं मोजलं. त्या सव्वा तासात बिल्डर येऊन गेला, त्याची गोड बोलणारी सेल्सवाली येऊन गेली, बँकेचा माणूस आला, तुझ्या आधी बुकिंग केलेला ऑफिसातला मित्र आला. तू तेवढा कुठं दिसला नाहीस. मला घाई केली, मला सांगितलंच नाही, मला फसवलं.

आपल्या भाषेत 'मला फसवलं' असंही म्हणता येतं आणि 'मी फसलो' असंही. पहिल्या वाक्यात कर्ता दुसराच कुणीतरी आहे आणि तू नुसता सोसणारा. दुसऱ्यात कर्ता तू. मला तुझ्या तोंडून दुसरं वाक्य ऐकायचंय. समोरचा सज्जन आहे असं मी म्हणत नाही, असेल लबाड. पण त्याची लबाडी तुला दुरुस्त करता येणार नाही.

तुझं काय झालं ते बघ. साठ लाखांचा फ्लॅट, गुंतवणूक म्हणून. नोंदणीकृत करारनामा नसताना तू दोन चेकनी आठ लाख दिलेस. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायदा, त्याच्या कलम 13 नुसार करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. म्हणजे सहा लाख. वरचे दोन लाख त्यानं घ्यायला नको होते, याची तक्रार महारेराकडे, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, जरूर कर, मी सोबत येतो. पण कायद्यानं हात त्याचे बांधले होते, चेकबुक तुझ्या खिशात होतं. ब्रोशरवर ताब्याची एक तारीख आणि महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची दुसरी, दीड वर्ष पुढची. हे तू पैसे भरल्यावर पाहिलंस. प्रकल्पावर कर्जाचा बोजा आहे का, तेही तिथंच दिसतं. मोबाईल चोवीस तास हातात असलेल्या पोरानं हे मला सांगावं?

आणि गणित? साठ लाखांवर पुण्यात मुद्रांक शुल्क साडेचार नव्हे, पाचही नव्हे, अधिभार धरून सात टक्के, म्हणजे चार लाख वीस हजार. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर पाच टक्के जीएसटी, तीन लाख. नोंदणीचे तीस हजार. हे साडेसात लाख तुझ्या हिशेबातच नव्हते. अठ्ठेचाळीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलंस तर हप्ता जवळपास एकेचाळीस हजार सातशे. तूच म्हणालास की त्या भागात भाडं सोळा हजार येतं. मग उरलेले पंचवीस हजार दर महिन्याला कोण भरणार, तो मित्र? वीस वर्षांत तू बँकेला एक कोटीच्या घरात देणार आहेस. हे कुणी सांगायचं नसतं रे, आपण कागदावर मांडायचं असतं.

चिडलो. काकू म्हणते, पत्र लिहितोयस की नोटीस? बरं, आता माझं ऐक.

शिरूरकडच्या माझ्या जमिनीची गोष्ट तू लहानपणापासून ऐकत आलायस. एजंटनं कसं गंडवलं, ती. तुझ्या बाबांनाही मी तीच सांगितली. ती अर्धी आहे.

2008 मध्ये आम्ही कंपनीतल्या चौघांनी मिळून अकरा गुंठे घेतले, सामायिक खरेदीखत करून. गावाकडं वडिलांची जमीन असल्यानं मी शेतकरी होतो, ती अडचण नव्हती. सातबारा हातानं लिहिलेला. भोगवटादाराच्या रकान्यात विकणाऱ्या दोघा भावांची नावं होती. ती वाचली आणि सही केली. वर्षभरात कोर्टाचं समन्स आलं. त्यांच्या बहिणीनं वाटणीचा दावा लावला होता.

वकिलानं पहिल्याच भेटीत सातबाऱ्यावर बोट ठेवलं. 'इतर हक्क' या रकान्यात बारीक अक्षरात तिचं नाव होतं. तेव्हा असंच लिहायचे, मुलगे भोगवटादार आणि मुली इतर हक्कात. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतका झाला होता आणि मी 2008 मध्ये सही करत होतो! ती बाई तारखेला एसटीनं यायची, पिशवीत भाकरी बांधून. तिनं एकदा मला सरळ विचारलं, "तुमी घेताना मला का नाय इचारलं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाची नोंद, काढला असता, मोजणी आणली असती, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली असती, तर ती मला खरेदीआधीच भेटली असती.

तरी पुढची सहा वर्षं मी एजंटलाच शिव्या दिल्या. शेवटी तडजोड झाली, माझ्या तीन गुंठ्यांचे पावणेदोन उरले, त्यालाही रस्ता नाही. पण गेलं त्यात जमीन थोडी, ती सहा वर्षं जास्त. त्या काळात मी काही शिकलो नाही, कारण चूक माझी नव्हतीच ना! 'मी फसलो' हे मोठ्यानं म्हटलं, त्यानंतर फेरफार वाचायला शिकलो.

मग मी हट्टी झालो, हेही खरं. त्यानंतर कोथरूडला एक दुकान चालून आलं होतं. जुनं मूळ खरेदीखत मालकाला सापडेना. मी अडून बसलो: ते दाखवा, मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल होऊ द्या. मालकानं दुसऱ्याला विकून टाकलं. आज तिथं औषधाचं दुकान आहे, तुफान चालतं. घेणाऱ्याला आजवर काही झालेलं नाही. काकू माझ्या बीपीच्या गोळ्या मुद्दाम तिथूनच आणते. पण कागद नव्हता तो नव्हताच! बुडालं असतं तर मी कुणाकडं बोट दाखवणार होतो?

आता तुझा प्रश्न: पुढं भरू की रद्द करू? बुकिंगच्या फॉर्ममागं दोन लाख कापण्याची अट आहे म्हणतोस, आणि ती 'कुणी दाखवली नाही'. त्या पानाखाली सही आहे ना? कुणाची? ती अट कितपत टिकते ते वकील बघेल, कलम 13 तुझ्या बाजूनं आहे. पण दिलेले आठ वाचवायला महिन्याला पंचवीस हजारांचा खड्डा खणायचा का, हे तुलाच ठरवावं लागेल. मी ठरवलं तर दहा वर्षांनी म्हणशील, काकांनी सांगितलं होतं.

रविवारी सकाळी ये. दोन्ही चेकच्या तारखा, पावत्या आणि तो फॉर्म घेऊन ये, मागच्या पानासकट. आणि काकूसमोर दुकानाचा विषय काढू नकोस.

तुझा,
काका