इम्पॅक्ट गनला (ठोके मारत नट फिरवणाऱ्या यंत्राला) घरातली क्रोमची गोटी (नटावर बसणारा सॉकेट) लावली तर चालेल का?
नाही, चाकाचे नट काढतानाही चकचकीत क्रोमची गोटी गनवर लावू नका. काळी, इम्पॅक्टसाठी बनवलेलीच घ्या. हाताने फिरवायच्या रॅचेट पान्याचा जोर सलग येतो, गन मात्र मिनिटाला हजाराच्या वर ठोके मारते. क्रोम-व्हॅनेडियमची गोटी कडक आणि पातळ भिंतीची असते. ठोक्यांनी तिला तडा जातो, ती फुटते आणि तुकडा थेट डोळ्यात उडू शकतो. इम्पॅक्टची गोटी बहुधा क्रोम-मॉलिब्डेनमची, जाड असते आणि धक्का सोसते. एक्स्टेन्शनही (गन आणि गोटी यांच्यामधला दांडा) इम्पॅक्टचंच हवं, हे हमखास विसरलं जातं! अडचण एकच: काही अलॉय व्हीलच्या अरुंद भोकात जाड गोटी शिरत नाही. तिथे पातळ भिंतीची इम्पॅक्ट गोटी वापरा, नाहीतर क्रोमची गोटी हाताने फिरवा.