आमच्या एमजीबीचा क्लच पाइप कुठे मिळेल?

प्रश्न : मामांची १९६६ सालची उघडी, दोन सीटची इंग्लिश मोटार, एमजीबी, आठ वर्षं गॅरेजात झाकून होती. दिवाळीत बाहेर काढली. क्लच दाबला की पेडल थेट तळाला जातं आणि गिअरबॉक्सखाली ओल दिसते. मेकॅनिक म्हणतो, रबरी होज तडकलाय, लोखंडी पाइपही गंजलाय. एसीच्या तांब्याच्या नळीचा पाइप करून देतो. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत दोन फेऱ्या मारून हात हलवत परत आलो. सगळं इंग्लंडहून मागवावं का?
ता. क. : क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं ना, ते सिलिकॉनचं वापरलं तर सांडल्यावर गाडीचा रंग उडत नाही म्हणतात. खरं का?
— एक वाचक, प्रभात रस्ता

उत्तर : नाना पेठेत तुम्ही ‘एमजीचा क्लच पाइप’ मागितला असणार. काउंटरवरच्या मुलाला एमजी म्हणजे आजची हेक्टर गाडी. त्याला दोष देऊ नका. ॲबिंग्डनच्या कारखान्यात ही गाडी बनायची थांबली १९८० साली, तेव्हा त्याचा बाप पाटी घेऊन शाळेत जात असेल. असा पाइप गाडीच्या नावाने मागायचाच नसतो. मापाने मागायचा.

होज, पाइप, दोन्हीकडचे नट, सगळं उतरवा आणि पिशवीत घाला. मग जाडी मोजायला व्हर्नियर आणि आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, मोजायला पिच गेज लावा. गाडी इंग्लिश, म्हणजे आटे इंचातले. आपल्याकडे सहज हाती येतो तो १० मिमीचा, १ मिमी पिचचा नट. इंग्लिश गाड्यांच्या ब्रेक पाइपांना नेहमी दिसतो तो ३/८ इंची, इंचात २४ आट्यांचा, म्हणजे साधारण ९.५ मिमी. डोळ्यांना दोघे सख्खे भाऊ. इंची नट मेट्रिक भोकात मुकाट्याने जातो आणि पाना आवळला की आटे खाऊन बाहेर येतो. शिवाय क्लचचा पाइप ब्रेकच्या पाइपापेक्षा जाड असू शकतो, तेव्हा ब्रेकवरून अंदाज नको.

धातूचा पाइप इथेच करून घ्या, पण एसीच्या तांब्याचा नको. इंजिनाच्या थरथरीने तांबं कडक होत जातं आणि नटाच्या मागे, फ्लेअरच्या (पाइपाच्या पसरवलेल्या तोंडाच्या) मुळाशी चिरतं. तांबं-निकेलचा ब्रेक पाइप मागा. हाताने वळतो, गंजत नाही. जुना पाइप सरळ करून मोजू नका, त्याच्यावर सुतळी फिरवून लांबी घ्या आणि तोच पाइप नमुना म्हणून कारागिरापुढे ठेवा. दोन्ही तोंडं निरखा : एक फुगीर आणि दुसरं आत दुमडलेलं असू शकतं. जुने नट धड असतील तर रात्रभर डिझेलमध्ये बुडवून तेच वापरा. फेकले की संपलं.

होजची गोष्ट वेगळी, आणि इथे मी स्वतः पोळलोय. माझ्या स्टँडर्ड हेरल्डचा होज मी भोसरीत, जेसीबीचे पाइप दाबून देतात अशा एका दुकानात करून घेतला होता. दुकानदार छाती ठोकून म्हणाला, “साहेब, दोनशे बार घेतो, तुमचा क्लच काय चीज आहे!” दाबाबद्दल तो खरंच बोलत होता. पण त्याचं रबर हायड्रॉलिक तेलासाठीचं होतं, आणि ब्रेक ऑइलने ते आतून फुगतं. दोन महिन्यांनी कात्रज घाटात, भर पावसात, मी पेडल सोडलं तरी क्लच बसेना. फुगलेल्या नळीतून ऑइल जोराने पुढे गेलं होतं, मागे यायला वाट नव्हती. मागच्या सीटवर सासूबाई होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

म्हणून होज इंग्लंडहून मागवा. पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, त्यामुळे तिथे हा भाग दुर्मीळ नाही. साल नुसतं न सांगता चासी नंबर कळवा. तुमचा बहुतेक जीएचएन३ ने सुरू होईल. टेफ्लॉनची नळी आणि वर स्टीलची जाळी असलेला मिळाला तर उत्तम, नाहीतर साधा रबरी, पण ताजा. ‘जुना, पण न वापरलेला’ माल नको. रबर डब्यातही म्हातारं होतं. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मी आजही जातो. पाने घेतो, नट घेतो, होज कधीच नाही.

पार्सल एकदाच येणार आहे, तेव्हा त्यातच स्लेव्ह सिलिंडरचं (होजच्या टोकाला असलेला, क्लच ढकलणारा सिलिंडर) सील आणि तांब्याचे वायसर मागवा. आत्ताच स्लेव्हची धूळटोपी मागे सारून बघा. आत ओल असेल तर ती होजची नव्हे, सिलिंडरची गळती. बसवताना होज आधी स्लेव्हमध्ये आवळा, मग ब्रॅकेटवर त्याचा षटकोन एका पान्याने धरून दुसऱ्याने नट फिरवा, म्हणजे पीळ पडणार नाही. हवा निघेना तर मोठ्या सिरिंजने स्लेव्हवरच्या, हवा काढायच्या निपलमधून ऑइल वर ढकला; हवेला तसंही वरच जायचं असतं.

आता ता. क. हो, सिलिकॉनचं डॉट ५ रंग खात नाही. पण ते डॉट ४ मध्ये, म्हणजे नेहमीच्या ब्रेक ऑइलमध्ये, मिसळत नाही, सगळी लाइन धुवावी लागते, आणि त्यात बारीक बुडबुडे अडकून पेडल स्पंजासारखं लागतं. डॉट ५.१ हे मात्र डॉट ४ च्याच जातीचं. नावाला फसू नका. मी सीलबंद डब्यातलं डॉट ४ च घालतो आणि शेजारी पाण्याची बादली ठेवतो. बॉनेटवर सांडलंच तर फडक्याने घासत बसू नका, आधी तांब्याभर पाणी ओता.