वाचकांचे प्रश्न : काल्पनिक जग शतकभर पुढे सरकते तेव्हा

प्रश्न : आम्ही काही मित्रमैत्रिणी नेरुळमध्ये एकीच्या घरी शनिवारी संध्याकाळी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन फाशांच्या मदतीने गोष्ट रंगवण्याचा खेळ खेळतो आणि डीएमची, म्हणजे गोष्ट पुढे नेणाऱ्या सूत्रधाराची, जबाबदारी माझ्याकडे आहे. आमचे कॅम्पेन, म्हणजे अनेक संध्याकाळी चालणारी मोहीम, ‘फरगॉटन रेल्म्स’ या काल्पनिक जगात, तिथल्या कालगणनेनुसार १३७२ साली सुरू झाले. अलीकडे खारघरहून काही नवे खेळाडू आले. त्यांच्याकडे नव्या आवृत्तीची पुस्तके आहेत आणि खेळ नव्या काळात, म्हणजे १४९० च्या आसपास न्यावा, असा त्यांचा आग्रह आहे. मलाही ते पटते. परंतु दोघे जुने खेळाडू फार दुखावले आहेत. एकाने डॅगरफर्डजवळ वाटसरूंसाठी सराई उभी केली होती. दुसरी मिस्ट्रा या जादूच्या देवीची पुजारीण म्हणून खेळते. तिच्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावर, हिट पॉइंटच्या (पात्राचा जीव किती उरला त्या आकड्याच्या) चौकटीत खोडरबर फिरवून फिरवून कागद विरला आहे. ती म्हणाली, ‘देवी परत आली असेल, पण माझी पुजारीण तर गेलीच ना?’ इतके मनाला लावून घेण्यासारखे यात काय आहे, आणि मी काय करावे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : मनाला लावून घेण्यासारखे यात पुष्कळ आहे. छापील पुस्तकात डॅगरफर्ड असते, तिथला रस्ता असतो, पण ती सराई नसते. ती आपल्या गटाने कित्येक संध्याकाळी खर्ची घालून त्या जगात आणली. त्यामुळे प्रकाशकाने ते जग पुढे सरकवले की छापील मजकुराबरोबर खेळाडूंनी घातलेली भरही पुसली जाते, आणि तिची नोंद कुठल्याच पुस्तकात नसल्यामुळे ती पुसली गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आपल्या गटात जे घडते आहे ते या जगाच्या चाहत्यांनी एकदा मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. एड ग्रीनवुड यांनी उभे केलेले हे जग १९८७ साली खेळाचा संच म्हणून प्रसिद्ध झाले आणि २००१ च्या पुस्तकात त्याचे साल १३७२ होते. २००८ मध्ये चौथ्या आवृत्तीबरोबर नवे पुस्तक आले. त्यानुसार १३८५ साली मिस्ट्राची हत्या झाली, त्यातून ‘स्पेलप्लेग’ नावाचे जादूचे अरिष्ट कोसळले, मांत्रिकांचा हालरुआ देश नष्ट झाला, उंथर देशाच्या भूमीवर ड्रॅगनबॉर्नांचे, म्हणजे ड्रॅगनसारख्या दिसणाऱ्या माणसांचे, टायमँथर हे राज्य येऊन बसले आणि खेळाचा काळ एकदम १४७९ वर गेला. प्रकाशकाकडे कारणे होती. नव्या नियमांत जादूची पद्धत पार बदलली होती, ड्रॅगनबॉर्न आता खेळाडूंच्या मुख्य पुस्तकात असल्यामुळे त्यांना नकाशावर जागा हवी होती, आणि वीस वर्षांत साचलेला इतिहास पाहून नवा डीएम बिचकत असे. ही कारणे मी खोटी मानत नाही. तरीही जुने खेळाडू संतापले, आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या सुमारास ‘संडरिंग’ या घटनेच्या निमित्ताने मिस्ट्रा, हालरुआ आणि उंथर परत आणावे लागले. मधली शंभर वर्षे मात्र परत आली नाहीत. आपली मैत्रीण बोलते आहे ती नेमकी हीच गोष्ट.

या रागाचे मूळ, माझ्या मते, बदल कोणाच्या हातून घडला यात असते. याच खेळाच्या ‘डार्क सन’ या वाळवंटी जगाचे उदाहरण घ्या. १९९१ च्या पहिल्या संचात नगरराज्यांवर जुलमी जादूगार-राजे राज्य करत होते आणि त्यांना खाली खेचणे हे कोणत्याही खेळाडूचे स्वप्न असणार. पुढच्या काही वर्षांत आलेल्या कादंबरीमालिकेत त्यांच्यापैकी कित्येक आणि त्यांच्याहूनही भयंकर असा ड्रॅगन कादंबरीतल्या नायकांच्या हातून मारले गेले. १९९५ च्या सुधारित संचाने ते सारे घडून गेलेले मानले. मग टेबलाभोवती बसलेल्यांनी करायचे काय उरले? २०१० साली हे जग पुन्हा प्रसिद्ध झाले तेव्हा काळ मागे नेण्यात आला : टायर नगराचा राजा कालक नुकताच पडला आहे आणि बाकीचे राजे तख्तावर आहेत. तो निर्णय मला अतिशय योग्य वाटतो.

‘एबेरॉन’ या जगात तर काळ हलवलाच जात नाही. कीथ बेकर यांचे हे जग २००४ मध्ये आले तेव्हा तिथे ९९८ साल होते आणि २०१९ च्या पुस्तकातही तेच आहे. सायर देश ९९४ साली कशामुळे उद्ध्वस्त झाला, हे मुद्दामच न सांगता प्रत्येक डीएमवर सोपवले आहे. ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाचे गोलारियन हे जग याच्या उलट आपल्या कॅलेंडरबरोबर दर वर्षी पुढे जाते. तिथला ‘वर्ल्डवूंड’, म्हणजे राक्षस बाहेर पडत असलेली दरी, बुजवण्याचे काम २०१३ पासून आलेल्या साहसमालिकेत खेळाडूंकडे होते, आणि २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती बुजलेली आहे. ज्याने ते साहस खेळले, त्याला नव्या पुस्तकात स्वतःचाच पराक्रम छापलेला दिसतो.

आता आपल्या गटाविषयी. नियम आणि काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी सगळ्यांना सांगा. खारघरच्या खेळाडूंना नवे नियम हवे असतील तर ते १३७२ सालातही चालतात. कॅरेक्टर नव्याने बनवण्यात एक संध्याकाळ जाईल, एखाद्याला ड्रॅगनबॉर्न व्हायचे असेल तर तो दूरदेशीहून आलेला आहे असे डीएम म्हणून आपण ठरवू शकता, आणि कदाचित वादच मिटेल.

काळ बदलायचाच असेल, तर कृपया हात वर करून मतदान घेऊ नका. ठाण्यात इमारतीच्या पुनर्विकासाला बहुमत चालते, कारण पाडल्यावर प्रत्येक सभासदाला नवे घर मिळते. इथे बहुमताने ठरवलेत तर दोघांचे सर्वस्व जाईल आणि बाकीच्यांचे काहीच जाणार नाही. त्याऐवजी मधला काळ टेबलावर खेळा. १३८५ साल एका सेशनमध्ये घ्या : पुजारीण गाभाऱ्यात उभी आहे, मंत्र उमटत नाही, बाहेर जखमी येऊन पडले आहेत. ती काय करते, हे तिच्या खेळाडूलाच ठरवू द्या, फासेही तिलाच टाकू द्या आणि जे होईल ते मोहिमेच्या वहीत लिहून ठेवा. तिने त्या दिवशी जे केले त्यातून १४९० मध्ये एखादा पंथ, एखादी प्रथा किंवा निदान एखादे नाव टिकलेले असावे. सराईच्या मालकालाही असेच विचारा : वारस कोण, पाटीवर काय लिहिले आहे, कोणता नियम त्याने कायमचा घालून दिला? नवे खेळाडू पहिल्यांदा भेटतील ते त्याच सराईत. पुस्तकात ती नाही म्हणून तिला जागा नाकारण्याचा अधिकार प्रकाशकालाही नाही.

एवढे करूनही पुजारीण चालवणारी मैत्रीण तयार झाली नाही, तर तिचा नकार माना आणि १३७२ मध्येच राहा. नव्यांना अजून काही गमवायचे नाही, त्यामुळे थांबणे त्यांना सोपे आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो आणि नुकताच एका गटात खेळू लागलो आहे. मोठ्या भावाची तिसऱ्या आवृत्तीची पुस्तके घरी आहेत. ती आता निरुपयोगी झाली का? आणि खेळण्यापूर्वी सगळा इतिहास वाचावा लागेल का?
— एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : पुस्तके जपून ठेवा. त्यातले नियम आपल्या गटाला चालणार नाहीत, पण नकाशे, गावे, देवदेवता आणि माणसे आजही वापरता येतात. जुन्या आवृत्त्यांना मागणी असल्यामुळेच २०१६ पासून ‘डीएम्स गिल्ड’ या संकेतस्थळावर त्या पीडीएफ स्वरूपात अधिकृतपणे विकत मिळतात. सगळा इतिहास वाचण्याची मुळीच गरज नाही. आपले कॅरेक्टर ज्या गावचे आहे त्या गावाची पाने वाचा आणि गटाचा खेळ कोणत्या साली चालू आहे, ते डीएमला विचारा.