आठ मिलिमीटरची गाठ कशी काढावी?

प्रश्न : माझ्या आईच्या कोलोनोस्कोपीत गुदाशयात ८ मिलिमीटरची गाठ सापडली. बायोप्सीत ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रेड १’ असं आलं. एक डॉक्टर रबरबँड लावून काढू म्हणतात, दुसरे ईएसडी सुचवतात, तिसरे गुदद्वारातून शस्त्रक्रिया करू म्हणतात. आम्ही गोंधळलो आहोत.

उत्तर : तुमच्या आईंचं पोट उघडावं लागण्याची शक्यता फार कमी आहे, हे आधी सांगतो. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींपासून झालेली गाठ. १० मिलिमीटरपेक्षा लहान, ग्रेड १ची म्हणजे संथ वाढणारी अशी गाठ सहसा पसरलेली नसते. पण ती साध्या पॉलिपसारखी वरवर नसते. तिचं मूळ अस्तराखालच्या थरात असतं. म्हणून नेहमीच्या तारेच्या फासाने कापली, तर वरचा भाग निघतो आणि तळाशी पेशी उरू शकतात. तेवढं मात्र होऊ देऊ नका.

आधी एंडोस्कोपिक सोनोग्राफी करून घ्या. गाठ स्नायूच्या थरापर्यंत गेलेली नाही आणि शेजारच्या लसिकाग्रंथी सुजलेल्या नाहीत, हे त्यात दिसायला हवं. तसं असेल तर मी रबरबँडची पद्धत निवडेन. गाठ सक्शनने दुर्बिणीच्या टोकावरच्या टोपीत ओढतात, बुडाशी बँड बसवतात आणि बँडच्या खालून कापतात. त्यामुळे तळाचा थरही सोबत येतो, आणि वेळ थोडाच लागतो. ईएसडीत दुर्बिणीतूनच सुरीने थर सोडवत गाठ अखंड काढतात. काम सुरेख होतं, पण वेळ जास्त लागतो, आतड्याला छिद्र पडण्याचा धोकाही थोडा जास्त. सरावलेला हात असेल तर तीही उत्तमच. एवढ्या लहान गाठीसाठी मात्र मला तिची गरज वाटत नाही.

गुदद्वारातून करायच्या टेम किंवा टॅमिस शस्त्रक्रियेत भिंतीची पूर्ण जाडी काढता येते. भूल द्यावी लागते. आधीच्या प्रयत्नात तळाशी पेशी उरल्या असतील, तर मी तिकडे वळतो. २० मिलिमीटरहून मोठ्या किंवा स्नायूत शिरलेल्या गाठीचा विचार वेगळा, तिथे मोठी शस्त्रक्रिया लागू शकते.

आणखी एक, पुन्हा पुन्हा बायोप्सी घेऊ देऊ नका. त्याने व्रण तयार होतो आणि गाठ नीट उचलली जात नाही.

गाठ काढल्यावर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बघा : तळाची कड मोकळी आहे का, रक्तवाहिन्यांत वा लसिकावाहिन्यांत पेशी आहेत का, आणि केआय-६७, म्हणजे किती टक्के पेशी वाढीच्या अवस्थेत आहेत त्याचं माप, किती. ग्रेड १ म्हणजे ते ३ टक्क्यांखाली. कड मोकळी नसेल किंवा वाहिन्यांत पेशी दिसल्या, तर पुढचे उपचार ठरवण्याआधी तो रिपोर्ट घेऊन सर्जनना नक्की भेटा.